मेंढी छाप घोंगडी

"कुत्रं लय गुणाचं दिसायलंय," भिवराबाई आपल्या सुनेला हळूच म्हणाली, "पर मेंढरू कुठं हाय?"

काकांच्या ओसरीवर बसून त्या दोघी घोंगड्यांच्या कोपऱ्यांना कापडाच्या चिठ्ठ्या टाचत होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक चित्र होते आणि चित्राखाली मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत 'मेंढी छाप' असे छापलेले होते. भिवराबाईला वाचता येत नव्हते, त्यामुळे तिला जे दिसले ते ती म्हणाली. मला वाचता येत होते आणि मलाही तेच दिसले होते. पण मी काही म्हणाले नव्हते. काका आत आरशासमोर उभे राहून लाल रुमाल घडी घालून खिशात ठेवत होते. त्यांच्या कानावर यातले काही गेले नाही.

आमच्या या घोंगडीवाल्या काकांइतका एकसारखेपणाचा भोक्ता निजामाच्या अख्ख्या मुलखात दुसरा सापडायचा नाही. ते माझ्या वडिलांचे शाळेतले सोबती. बरीच वर्षे गंगाखेडच्या तहसील कचेरीत उर्दू लिहिण्यात घालवून एके दिवशी त्यांनी नोकरी सोडली आणि राणीसावरगावच्या बाजूच्या धनगरवाड्यांतून घोंगड्या गोळा करून सोनपेठच्या बाजारात विकायला सुरुवात केली. त्यांच्या घोंगड्या काळ्याभोर आणि काठ लाल. काकांचे म्हणणे असे की मालाचा आणि माणसाचा चेहरा एक पाहिजे. मग त्यांनी काळी शेरवानी शिवली आणि तिच्या खिशात लाल रुमाल आला. छत्रीच्या कडेला लाल फीत लागली. घराचे दार काळे झाले, चौकट लाल झाली. बैलांची शिंगे काळी आणि टोके लाल झाली. त्या बैलांना पाहून पेडगावची एक सोयरीक शकुन बरा नाही म्हणून वेशीवरूनच परत फिरली. जेवताना ताटात कारळ्याच्या चटणीचा काळा गोळा आणि त्याच्याभोवती लाल ठेच्याची रेघ त्यांना लागे. काकू म्हणायच्या, "घोंगडी काळी निघाली हे माझं नशीब. हिरवी असती तर मला रोज गवत वाढावं लागलं असतं."

त्यांच्या पत्राच्या कागदालाही लाल काठ होता आणि तळाशी एक ओळ कायमची छापलेली होती. माझी आजी गेली तेव्हा काकांचे सांत्वनाचे पत्र आले. पत्र इतके मायेचे होते की वडिलांना ते पुरते वाचवेना, म्हणून ते मी वाचून दाखवले. शेवटी, 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' याच्या बरोबर खाली, ती छापील ओळ होती : एकदा अनुभव घ्यावा. वडील रडता रडता हसले. तेरा दिवसांत ते तेवढेच एकदा हसले, म्हणून आमच्या घरात कुणीही काकांवर कधी रागावले नाही.

मी सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमधून शिकून परभणीला परत आले, त्याच सुमाराला सिकंदराबादच्या एका व्यापाऱ्याचे काकांना पत्र आले. हिवाळ्यासाठी त्याला घोंगड्यांचा मोठा माल हवा होता. दसऱ्यापर्यंत चित्रांसह सूचीपत्र पाठवा, तेवढ्यावरून ठरवू, असे त्याने लिहिले होते. ही मागणी आली तर भिवराबाईच्या वाडीला लोकर कच्चीच विकून टाकावी लागणार नव्हती. सगळ्या वाडीचे माग हिवाळाभर चालणार होते. काकांनी ते पत्र डोक्याला लावले आणि दुसऱ्याच दिवशी ते आमच्याकडे आले. "नाना, तुमची मुलगी मला दोन महिने पाहिजे," ते वडिलांना म्हणाले. "सूचीपत्राची फेहरिस्त काढायची आहे. मराठी, उर्दू, इंग्रजी, तिन्ही जबानींत."

"ती फारशी बोलत नाही," वडील म्हणाले.

"उत्तम. मग तिचं सगळं कागदावर उतरेल."

गल्लीत मला मुकी मेम म्हणत असत. न बोलणे हा माझा गुण आहे असे तोवर कुणी म्हटले नव्हते. मी गेले.

त्या दोन महिन्यांत मी जितके इंग्रजी लिहिले तितके शाळेतही लिहिले नव्हते. सूचीपत्रात माल अकरा प्रकारचा होता, पांघरायच्या घोंगडीपासून पूजेच्या आसनापर्यंत. प्रत्येकाचे वर्णन एकाच सुरात, एकाच मापात पाहिजे अशी काकांची आज्ञा होती. मराठी, उर्दू आणि इंग्रजी ओळी एकाच लांबीच्या हव्यात. ते दोऱ्याने ओळी मोजत आणि म्हणत, "बाळ, तुझी इंग्रजी दोन बोटं आखूड पडायलीय. थोडा अदब घाल तिच्यात." मग मी 'कृपया', 'आपला नम्र' असे काहीतरी घालून ती ओळ ओढून लांब करत असे. परिणामी इंग्रजीतले आमचे आसन हे गिऱ्हाईकाची क्षमा मागत मागत त्याच्याखाली सरकत असल्यासारखे वाटे. पण वाचून दाखवले की काका डोळे मिटून मान डोलवायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हते. लांबी मात्र कळत होती.

मेंढीचे तोंड कुणीकडे असावे यावर त्यांनी आठ दिवस घालवले होते. मराठी डावीकडून उजवीकडे जाते, उर्दू उजवीकडून डावीकडे. मेंढी उजवीकडे पाहू लागली तर उर्दूकडे पाठ करते, डावीकडे पाहू लागली तर मराठीकडे. "कोणत्याच जबानीची बेअदबी नको," असे म्हणून काकांनी स्वतः पेन्सिल घेऊन मेंढी समोर पाहणारी काढली. समोरून मेंढी काढणे फार कठीण असते हे मला तेव्हा समजले. दोन लोंबते कान, एक लांबट नाक आणि त्यावर दोन अतिशय इमानी डोळे. लोकर सगळी मागे राहिली. कुणालाही विचारा, ते कुत्रे होते.

पण कुणी विचारत नव्हते, आणि काका दाखवत तेव्हा सगळे 'वा' म्हणत. काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षांत यांनी पहिल्यांदा काही काढलंय. मी कशाला बोलू?" मी भिवराबाईला एकदा धीर करून विचारले, तिने तरी का सांगितले नाही. ती चिठ्ठी टाचता टाचता म्हणाली, "बाई, दुसऱ्याच्या जनावराला त्याच्या तोंडावर नाव ठिवत न्हाईत. ठिवलं की ते जनावर दुबळं पडतंय. आमच्यात रीत हाय." जरा थांबून तिने सुनेकडे पाहिले. "आन कुत्रं काय वाईट न्हाई. कुत्रं जागं असलं म्हंजी तर धनगर घोंगडी पांघरून निजतो."

सूचीपत्र तयार होईपर्यंत चिठ्ठ्या लावलेल्या घोंगड्या बाजारात जातच होत्या. भाद्रपदातल्या एका बाजाराहून काका परत आले ते गाडीतून उतरून थेट ओसरीवर बसले. लाल रुमाल खिशात नव्हता, हातात चुरगळलेला होता.

"घात झाला," ते म्हणाले. "सोनपेठेत कुणीतरी कुत्रा छाप घोंगडी काढलीय."

भिवराबाईने सुई खाली ठेवली.

"जो येतो तो कुत्रंवालीच मागायलाय. मी सांगतो, बाबा, ही घे, मेंढी छाप. तो चिठ्ठी बघतो, हसतो आन घेऊन जातो. माझ्या समाधानासाठी घेतात बिचारे. मनात त्यांच्या कुत्रंच. पेडगावच्या एका पाटलानं तर पाच घेतल्या आन जाताना म्हणाला, कुत्रं लय गुणाचं हाय. माझ्यासमोर, दुसऱ्याच्या मालाची तारीफ."

भिवराबाई, तिची सून आणि मी जमिनीकडे पाहत राहिलो. पाच घोंगड्या विकून इतका खचलेला दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता.

काका स्वस्थ बसणारे नव्हते. त्या कुत्र्याला हरवायचे तर आपली मेंढी अव्वल हवी, असे म्हणून त्यांनी हैदराबादच्या एका चित्रकाराकडून नवी मेंढी मागवली. ती आली तेव्हा आम्ही सगळे पाहायला जमलो. सुरेख मेंढी होती. अंगावर लोकरीची वलये, पायांखाली हिरवळ, मान दिमाखात एका बाजूला वळलेली. उर्दूकडे तिची पाठ होती. पण काका त्यावरही काही बोलले नाहीत, आणि तेव्हाच मला त्यांची काळजी वाटली. त्यांनी जुने चित्र नव्याशेजारी मांडले. दुसऱ्या दिवशी सूचीपत्र परभणीच्या शिळाप्रेसवर जायचे होते. एकदा दगडावर चढले की झाले. पुढच्या बाजाराला सगळ्या चिठ्ठ्याही नव्या लागणार होत्या, आणि लोक कुत्रे शोधत शोधत दुसऱ्या दुकानी जाणार होते.

"नवी लय देखणी हाय," भिवराबाई म्हणाली. तिला रीत होती.

"नवीच घ्या," काकू म्हणाल्या. त्यांना चाळीस वर्षांची सवय होती.

काका आपल्या जुन्या चित्रावरून बोट फिरवत म्हणाले, "मी मायेनं काढली होती. पण लोकांना नाही भावली. असतं एकेकाचं नशीब." आणि ते चित्र ते घडी घालू लागले.

पुढचे सगळे बरे झाले. दसऱ्याच्या आत सूचीपत्र गेले, मागणी आली, वाडीचे माग होळीपर्यंत वाजत राहिले. मुखपृष्ठावर समोर पाहणारे ते इमानी डोळे आहेत आणि खाली तिन्ही भाषांत 'मेंढी छाप' असेच आहे. नाव तरी बदला, असे वडील म्हणाले होते. "एकदा लिहिलं ते लिहिलं," काका म्हणाले. "माणसानं एकसारखं राहावं." गेल्या हिवाळ्यात काका गेले. त्यांच्या पायथ्याशी लाल काठाची घोंगडी होती, आणि कोपऱ्यावरची चिठ्ठी काकूंनी उसवू दिली नाही. मला आलेले त्यांचे शेवटचे पत्र माझ्या पेटीत आहे. तळाची ओळ आता मी हसल्याशिवाय वाचू शकत नाही, आणि नुसती हसूनही वाचू शकत नाही.

पण मला ते आठवतात ते त्या दुपारचे, चित्राची घडी घालणारे. घडी दोन्ही डोळ्यांच्या मधोमध पडत होती. भिवराबाई माझ्याकडे पाहत होती, काकू माझ्याकडे पाहत होत्या. मला धनगरांची रीत नव्हती आणि चाळीस वर्षांची सवयही नव्हती. मी पुढे झाले, त्यांच्या हातावर हात ठेवला. माझा आवाज मलाच परका वाटला.

"काका," मी म्हणाले, "ते सोनपेठचं कुत्रं आपलंच आहे."