घरचाच पोरगा

सात रस्ता चौकाजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानावर बसलिंगप्पांचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि जिना चढून दमलेल्यांसाठी ठेवलेला पाण्याचा माठ. अर्धं आयुष्य त्यांनी विमा विकण्यात घालवलं. जिवाचा नव्हे, गाडीचा, दुकानाचा, दवाखान्याचा, अपघाताचा. विकायला गेलं की लोक गल्ली बदलतात, आणि काही बिनसलं की पहाटे फोन करतात. "लोकांना विमा नको असतोय, पोलिसाला दाखवायला कागद पायजे असतोय," असं ते बायकोला, सिद्धम्माला, जेवताना ऐकवतात. तिलाही ते ऐकून ऐकून कंटाळा आलाय.

अलीकडं ते स्वतःच कंटाळलेत. 'पैसे मिळणार' हे सांगायला लोकांना ते लागत नाहीत, मोबाइलवर कळतं. 'मिळणार नाही' हे तेवढं त्यांच्या वाट्याला येतं.

मुमताजभाभी जिना चढून आल्या तेव्हा बसलिंगप्पांना जे सांगावं लागणार होतं ते असलंच होतं. भाजी वाहणारा टेम्पो भाभींचा, चालवायचा त्यांचा मुलगा गुफरान. वळसंगहून माल आणताना कुत्रं आडवं आलं, टेम्पो चिंचेवर आदळला आणि गुफरानचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बसलिंगप्पा दवाखान्यात जाऊन आले होते. पण तिथं त्यांची जीभ उचलली नव्हती.

"अण्णा, टेम्पोचं मंजूर झालं म्हणं?"

"व्हय भाभी. नवी केबिन बसंल. पुढचं सगळं बदलून मिळंल."

"आन गुफरानचं?"

बसलिंगप्पांनी माठातलं पाणी पुढं केलं. भाभींनी पेल्याला हात लावला नाही.

"आपला फुल इन्शुरन्स हाय की."

"फुल म्हंजी गाडीचा फुल, भाभी. आपल्या गाडीनं रस्त्यावर कुणाला लागलं, तर त्याला मिळतंय, ती थर्ड पार्टी. आपली गाडी मोडली, तर दुरुस्ती मिळतीय. चालवणाऱ्याचं येगळं असतंय. मालक सोता चालवत असंल, त्याच्याकडं लायसन असंल, तर मालकाच्या अपघाताचा हप्ता भरता येतोय. पर मालक तुमी हाय."

भाभींनी स्टेअरिंगला कधी हात लावला नव्हता. टेम्पो घेतला तेव्हा गुफरानच म्हणाला होता, घरातली पहिली गाडी अम्मीच्या नावावर, बरकत येते. मालकिणीकडं लायसन नाही म्हणून तो हप्ता लागलाच नाही. तेवढंच वाचलं, म्हणून पोरगा खूष झाला होता.

"मग ड्रायव्हरचं तरी?"

"ड्रायव्हरचा हप्ता घालू का म्हणून इचारलं होतं की. गुफरान हसला. अण्णा, मी काय पगारी ड्रायव्हर हाय का, मी घरचाच की, म्हणला."

त्यावर तेव्हा बसलिंगप्पाही हसले होते. पोराचं चुकलं होतं असंही नाही. पॉलिसीत मालकाला जागा होती, पगारी ड्रायव्हरला जागा होती, रस्त्यावरच्या अनोळखी माणसालासुद्धा होती. आईच्या गाडीवर राबणाऱ्या पोराला तेवढी नव्हती.

"त्याच्या एकट्याच्या नावानं अपघाताची पॉलिसी असती, तर गाडी कुणाची बी असू दे, मिळालं असतं. मेडिक्लेम असता तर दवाखान्याचं..." बोलता बोलता ते थांबले. वरातीमागून घोडं नाचवायची त्यांना स्वतःचीच लाज वाटली.



"म्हंजी माजं नाव लावलं म्हणून गेलं त्याचं?"

"तसं न्हाय हो भाभी."

भाभी उठल्या, जिन्याच्या कठड्याला धरून सावकाश उतरल्या. त्या दिवशी बसलिंगप्पांनी आणखी एकही फोन उचलला नाही.

टेम्पो वर्कशॉपमधून आला तो कोरा करकरीत होऊन. नवी केबिन, नवी काच, पत्र्यावर एक पोचा नाही. गुफरान कुबडी घेऊन दारात उभा राहिला, टेम्पो बघून आत गेला म्हणे. हे भाभींनीच सांगितलं, पुन्हा ऑफिसात आल्या तेव्हा. या खेपेला त्या पाणी प्यायल्या.

"गाडी उभी ठेवून भागतंय व्हय? जोतीराम म्हणून एक पोरगं ठेवलंय पगारावर. त्याचा हप्ता घाला."

"घालतो की. आन गुफरानची येक अपघाताची बघू का?"

"आता देतील का त्याला?"

"इचारून बघतो." आवाजात जोर आणायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो आला नाही.

"इचारा सावकाश. ह्याचं मातर आजच करा, अण्णा. उद्यापासनं गाडीवर बसतोय."

"येवढी घाई कशाला?"

"जोतीरामची आई आली होती घरी. लेकराला संबाळा म्हणली, आन मी व्हय म्हणून बसले." भाभींनी पेला टेबलावर ठेवला. "तुमी माज्यासमोर बसून त्या दिवशी जे बोललासा, ते मला तिच्यासमोर बसून बोलायला लावू नका."