मराठी परत येईपर्यंत

लेकीच्या घरी, जर्मनीत, येऊन आठवडा झाला असेल नसेल. सकाळी चहा गाळत होते. मागून यांचा आवाज आला, "अगं, कुलूप आण."

"कशाला?"

"प्यायला."

मला वाटलं, चेष्टा करायलेत. माझ्या नवऱ्याचा स्वभावच तसा. आमचं घर सीमाभागात, राजेश्वरला, आणि यांचं अडतीचं दुकान बसवकल्याणच्या बाजारात. तूर, हरभरा, उडीद. दिवसभर शेतकऱ्यांशी आणि व्यापाऱ्यांशी बोलायचं, आणि तोंडावरची रेघ न हलवता समोरच्याला हसवायचं, यात त्यांचा जन्म गेला. मी हसतच कप पुढं केला. त्यांनी उजवा हात उचलला, पण बोटं मिटलीच नाहीत. कप फरशीवर फुटला. ते कपाकडं बघेनात, हाताकडंच बघत राहिले. लेक आतून धावत आली, म्हणाली, "अप्पा, माझ्याकडं बघा. हसा बघू." ते हसले, तर अर्धंच तोंड हसलं. तिनं फोन उचलला.

लकवा मारला होता. डॉक्टरांनी लेकीला आणि लेकीनं मला समजावलं, ते असं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती, ती काढली. जिवाचा धोका टळला. हातपाय हळूहळू सुधारतील. पण माणसाचं बोलणंही त्याच बाजूला असतं. ते किती परत येईल, आज सांगता येत नाही.

"बोलणं म्हणजे कोणतं?" मी विचारलं.

लेकीनं माझा प्रश्न पुढं सांगितला तसे डॉक्टर कागदावरनं मान वर करून बघायला लागले. "यांना किती भाषा येतात?"

लेक सांगायला लागली. घरी मराठी. शाळा शिकले कन्नडात. बाजारात दखनी, म्हणजे आमच्याकडची उर्दू. औरादकडचं गिऱ्हाईक आलं तर मोडकी तेलुगू. आमच्या भागात हे काही नवलाचं नाही, त्यामुळं मी कधी मोजलंच नव्हतं. डॉक्टर मात्र खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मग आपण वाट बघू, कोणती आधी येते."

मी जन्मभर मराठी शाळेत मास्तरीण होते. पहिलीच्या पोरांना अक्षरं शिकवली. पोर बोलायला कसं शिकतं, हे रोज बघितलं. पण बोलता माणूस परत बोलायला कसा लागतो, हे कधी बघितलं नव्हतं. भीती तर होतीच, जेवण उतरत नव्हतं. तरी खोटं कशाला बोलू, त्या भीतीतही मला खरोखर जाणून घ्यायचं होतं, की आधी काय येईल.

आधी आला तो नकार.

सकाळी नर्स यांचे कपडे बदलायला आली. तिनं गाठ सोडायला हात घातला आणि हे एकदम खणखणीत म्हणाले, "नक्को!"

नर्स दचकली. "नाक्ट?" असं काहीतरी म्हणाली, आणि घाईघाईनं चादर त्यांच्या हनुवटीपर्यंत ओढली.

"नक्को, नक्को!"

तिनं पडदा लावला, मान हलवून समजूत घातली आणि आणखी एक चादर आणून वर टाकली. हे जितके जोरात ओरडत, तितकी ती त्यांना गुंडाळत चालली. मला काही उमगेना. संध्याकाळी लेक कामावरून आली, तिला सांगितलं. ती हसत हसत पलंगाच्या कडेला बसलीच.

"आई, इथल्या भाषेत नाक्ट म्हणजे नागडा. तिला वाटलं, अप्पा ओरडून सांगायलेत, मी नागडा आहे म्हणून!"

त्या दवाखान्यात मी पहिल्यांदाच हसले. हसता हसता माझं लक्ष यांच्याकडं गेलं आणि जीभ चावली. आजारी माणसासमोर असं हसावं का? पण ते आमच्याकडंच बघत होते, आणि तोंडाची डावी बाजू वर गेली होती.

दोन दिवसांनी आणखी शब्द आले. मी पलंगाजवळ खुर्ची सरकवली तर हे मला म्हणाले, "आओ माँ, बैठो. क्या होना?" काय पाहिजे, असं गिऱ्हाईक बाईला विचारावं तसं.

यांनी मला ओळखलं नाही? घरात दखनीचा एक शब्द कधी बोलले नव्हते. मी शाळेत, ते दुकानात. गिऱ्हाइकाशी ते कसे बोलतात, हे मी फारसं ऐकलंच नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस मला भेटलाच नव्हता म्हणा ना. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. ओळख होती. नेहमीसारखीच होती. बोलायचं होतं माझ्याशीच, पण हाताला लागत होते ते दुकानातले शब्द; तो 'नक्को'ही तिथलाच.

मी म्हटलं, चला, दुकान तर दुकान. मी तोडक्यामोडक्या दखनीत म्हणाले, "तूर होना, भय्या."

नवऱ्याला भय्या म्हटल्यावर लेकीनं तोंडावर हात ठेवला. हे मात्र गंभीर. "है ना माँ. गुलबर्गे की है. अच्छी है."

"भाव क्या?"

त्यांनी तोंड उघडलं. आकडा काही येईना. ओठ हलले, कपाळावर आठ्या पडल्या. मला वाटलं, उगीच विचारलं. तेवढ्यात त्यांनी डावा हात चादरीखाली घातला आणि माझी बोटं धरून दाबली. दोन बोटं, मग तीन, मग सगळी. पूर्वी बाजारात भाव असाच सांगत, रुमालाखाली, शेजारच्याला कळू नये म्हणून. मला त्यातलं काही कळत नाही. मी म्हणाले, "भोत जास्ती होता, भय्या." तर ते हसले, आवाज करून हसले, आणि माझी बोटं काही सोडेनात.

पुढं त्यांना दुसऱ्या दवाखान्यात हलवलं. तिथं फक्त अशाच माणसांना चालायला-बोलायला शिकवत. गावाबाहेर, झाडीत. बोलणं शिकवणारी एक तरुण बाई रोज यायची. तिच्याकडं चित्रांची जाड कार्डं असायची. ती चित्र दाखवायची, यांनी आपल्या भाषेत नाव सांगायचं, मी तिला इंग्रजीत सांगायचं, बरोबर की चूक.

पहिल्याच दिवशी तिनं माझ्याकडं बोट करून यांना विचारलं, "या कोण? यांचं नाव काय?"

यांना नाव येईना. ती थांबली. मग मलाच विचारलं, "घरी ते तुम्हाला काय म्हणतात?"

मी खरं ते सांगितलं. "अगं."

तिनं लिहून घेतलं. ती गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, की नाव घ्यायची आमच्यात पद्धतच नाही. त्यांनी माझं नाव लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. म्हणजे ते विसरले म्हणून माझं काही गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र सगळा मजला मला 'फ्राऊ अगं' म्हणायला लागला. फ्राऊ म्हणजे बाई. जेवण आणणारा, फरशी पुसणारी, मोठे डॉक्टर, सगळे. "गुड मॉर्निंग, फ्राऊ अगं." परक्या पुरुषांनी इतक्या अदबीनं मला अगं म्हणावं, हे ऐकून लेकीच्या हसून हसून पोटात कळा यायच्या. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. एकदा मोठ्या डॉक्टरांनी दारातून तशी हाक मारली, तर हे पलंगावरून माझ्याकडं बघून हलकेच म्हणाले, "अगं." आजारानंतरचा पहिला मराठी शब्द तो. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले.

चालायला शिकवणारा एक दांडगा पोरगेला माणूस होता. तो यांना कमरेच्या पट्ट्याला धरून उभं करायचा आणि मी मराठीत मोजायचे. एक, दोन, तीन. हे तीनवर अडकायचे. पायही तिथंच अडकायचा. एकदा मी थकून गप्प बसले, तर हे स्वतःच म्हणाले, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु," आणि पाऊल पडत गेलं. शाळेतले पाढे कन्नडात पाठ केलेले. मराठी जिथं थांबली, तिथून कन्नड पुढं घेऊन गेली. त्या माणसानं आकडे चटकन उचलले. मग व्हरांड्यातून दोघं निघाले की दोघांचं मोठ्यानं 'ओंदु, एरडु' चालायचं. बाकावर बसलेल्या दोन जर्मन म्हाताऱ्याही काठी आपटून ताल धरायच्या. आमच्या करजगीच्या नणंदेला मी फोनवर हे ऐकवलं. ती म्हणाली, "वहिनी, खरं सांगा, तुम्ही जर्मनीतच हाव न्हवं? आमच्या अफजलपूरच्या स्टँडवर तर न्हाई?"

मी त्या बोलणं शिकवणाऱ्या बाईला विचारलं, हे असं कसं? आकडे एका भाषेत, दुकान दुसरीत, बायको तिसरीत. ती म्हणाली, पाठ केलेलं वेगळ्या वाटेनं येत असावं, पण नक्की कुणालाच ठाऊक नाही. मग तिनंच मला विचारलं, "ते रागावतात कोणत्या भाषेत? स्वप्नं कोणत्या भाषेत पडतात?" रागाचं सांगता आलं. स्वप्नांचं मी कधी विचारलंच नव्हतं.

चित्रांचं काम मात्र कठीण चाललं होतं. शब्द यायचा, पण भलताच. छत्रीला भाकरी. कुत्र्याला खिडकी. एक दिवस तिनं डुकराचं चित्र दाखवलं. यांनी नीट बघितलं आणि ठामपणे म्हणाले, "तहसीलदार."

मला काय करावं कळेना. तिला सांगितलं, चूक. म्हणजे काय, तिनं विचारलं. मी म्हटलं, जमिनीचे कागद बघणारा अधिकारी. तिनं गंभीरपणे लिहून घेतलं. मी पदर तोंडात धरला.

पण यांना माझं हसू दिसलं. या वेळी त्यांना आवडलं नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. "तह... तह..." दुसरा शब्द येईना. त्यांनी डाव्या हातानं कार्ड ढकलून दिलं आणि भिंतीकडं तोंड केलं. खांदे हलत होते. मी पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी कुठल्याच भाषेत बोललो नाही. मला सारखं वाटत राहिलं, हसू कुठवर चालतं आणि कुठून दुखायला लागतं, हे आजाराच्या बाहेर राहून कसं कळायचं?

सकाळी ती बाई आली. तिनं मुद्दाम तेच कार्ड काढलं, तेच डुक्कर. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मी वळून बघितलं, तर ते चित्राकडं बघतच नव्हते. माझ्याकडं बघत होते, मी बघते का याची वाट बघत. आमची नजर भिडली तसं सावकाश, एकेक अक्षर जुळवून म्हणाले, "सा-हे-ब."

मी अशी हसले की बाहेरची नर्स डोकावली. ती बाई लिहायला लागली, 'चूक'. मी तिचा हात धरला. "थांबा. ही चूक नाही. हा विनोद आहे."

"कशावरून?"

"आधी त्यांनी माझ्याकडं बघितलं."

तिनं यांच्याकडं बघितलं. हे तोंडावरची रेघ न हलवता बसले होते. ती पण हसायला लागली. त्या दिवसापासून मला हसताना चोरटं वाटलं नाही. कुठं हसायचं ते तेच दाखवू लागले होते.

त्यानंतर मी त्यांची मराठी हातात घेतली. मला शिकवायची एकच रीत ठाऊक, शाळेतली. स्पष्ट उच्चार, पुरं वाक्य. 'मला पाणी हवं आहे.' 'आज हवा थंड आहे.' ते माझ्या तोंडाकडं बघून म्हणायचे. दर दिवशी थोडं जास्त. परतीच्या विमानात बसेपर्यंत ते काठीनं चालत होते आणि छोटी वाक्यं बोलत होते. मला माझाच अभिमान वाटत होता.

राजेश्वरला पोचलो, तर भेटायला माणसांची रीघ. पुष्कळ जण त्यांच्याशी ओरडून बोलत, जणू कान गेलेत. जनवाड्याचा एक व्यापारी, बाजारातला त्यांचा जुना दोस्त, ओट्यावर येऊन बसला. "काय अण्णा, बरं हाव का?"

हे म्हणाले, "मी बरा आहे. आपण कसे आहात?"

दोस्तानं मागं वळून बघितलं, हा 'आपण' कोण आलाय म्हणून. मग माझ्याकडं. "वहिनी, अण्णाला जर्मनीला नेलतं का पुण्याला?"

ओट्यावर हशा झाला. हेही हसले. माझं तोंड मात्र उतरलं असावं. खरंच की. यांच्या तोंडात मी माझी वर्गातली मराठी घातली होती. यांची ती, आईकडून आलेली, घरातली, अजून आलीच नव्हती. ती येणार होती का, आणि कुठून, मला शिकवता येण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी शिकवणं बंद केलं. त्यांना रोज ओट्यावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून चहा पाजला, आणि कान उघडे ठेवले. आधी 'आहे'चं 'हाय' झालं. मग एकदा कुणाला तरी 'व्हय' म्हणाले. अडकतात अजूनही. छत्री अजून नीट येत नाही.

परवा दुपारी मी शेंगा सोलत बसले होते. मनात काही नव्हतं, हात चालले होते. हे समोर खुर्चीत. बराच वेळ माझ्याकडं बघत होते, मग म्हणाले, "कामून उगं बसलीस?"

माझे हात थांबले. 'का गप्प' नाही, 'कामून उगं', त्यांच्या आईच्या बोलीतलं. "काय म्हणालाव?"

"कामून उगं बसलीस म्हणलो. काय दुखायलंय का?"

"न्हाई. ऐकायले."

"काय ऐकायलीस?"

"तुम्ही बोलायलाव ते."

"मग ऐक," म्हणाले, आणि शेजारच्याच्या तुरीत कुणाची तरी म्हैस शिरल्याची गोष्ट सांगायला लागले. मध्येच म्हशीचा शब्द अडला. ते थांबले. मी शब्द दिला नाही. टोपली बाजूला ठेवली आणि म्हैस कोणत्या नावानं येते, बघत बसले.