बिशानचा न मिळालेला फ्लॅट

आज फोडणीत हिंग पडला आणि मला बिशानचा तो फ्लॅट आठवला. दहा-बारा वर्षांपूर्वी सिंगापुरात आम्ही भाड्याचं घर शोधत होतो. "भारतीय नकोत," असं चार मालकांनी एजंटला फोनवरच सांगितलं होतं. बिशान भागातल्या पाचव्या घराची मालकीण, एक साठीच्या चिनी बाई, निदान भेटायला तयार झाल्या. नवव्या मजल्यावर मोकळा वारा होता, नव्या रंगाचा वास होता. "घरी स्वयंपाक करत नाही म्हणा, मसाल्याचा वास घरात मुरेल म्हणून मालक घाबरतात," असं एजंटने आधीच बजावलं होतं.

बाईंनी तेच विचारलं. मी "नाही" म्हणणार, तेवढ्यात माझी बायको मेधा शांतपणे म्हणाली, "रोज करते, मसाले घालून. घर मात्र लख्ख ठेवीन."

फ्लॅट हातचा गेला. लिफ्टमध्ये मी चिडलो. "एवढंसं खोटं बोललो असतो तर काय बिघडलं असतं?"

"मग रोज चोरासारखं जेवावं लागलं असतं," ती म्हणाली.

तेव्हा मला तो तिचा हट्ट वाटला. आज कळतं, परक्या शहरात आम्ही कसं राहायचं ते तिने त्या दिवशी ठरवून टाकलं होतं. महिन्याभराने चोआ चू कांगला, माझ्या ऑफिसपासून तासभर लांब, एक घर पाहिलं. तिथल्या मालकानेही तोच प्रश्न विचारला. मेधाच्या आधी मीच म्हणालो, "हो, रोज करतो." ते घर मिळालं.