पालखीपुढची घटनादुरुस्ती

मी रत्नागिरीत नागरिकशास्त्र शिकवते. संविधान दोन वाटांनी बदलतं, हे दरवर्षी घसा फोडून सांगते. एक उजळ वाट: संसदेत विशेष बहुमत, काही तरतुदींना निम्म्या राज्यांची संमती. दुसरी गुपचूप: कलमाचं अक्षरही न हलता न्यायालय नवा अर्थ लावतं, नाहीतर एखादा संकेत रूढ होतो.

आमच्या वाडीच्या मंडळालाही घटना आहे. सभासद म्हणजे घरातला कर्ता पुरुष. नवरा गेला आणि माझं घर यादीतून गेलं. शिमग्याला पालखी माझ्याच दारी यायची, पण पुकारा दिराच्या नावाने. मला मनस्वी राग यायचा. दुरुस्तीला गावची आणि मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांची, दोन्ही समित्यांची संमती लागते. गाववाले म्हणत मुंबईकरांना विचारा, मुंबईकर म्हणत गावात विचारा. पालखीपुढे वाडीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, घालणारे म्हातारे मानकरी तर एकच बोलत, "रिवाज नाय."

गेल्या शिमग्याला त्यांची नजर अधू झाली, गाऱ्हाण्यातल्या ओळीही गळायला लागल्या. माझं अक्षर टपोरं, म्हणून गाऱ्हाणं कागदावर उतरवायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळं इमानाने लिहिलं. आंबा मोहरू दे, दर्यावरची माणसं सुखरूप येऊ देत. आणि मधेच एक ओळ माझी: बाई कर्ती असेल त्या घरालाही वाडीत मत असू दे.

मानकरी वाचू लागले. प्रत्येक ओळीला अख्खी वाडी म्हणे, "व्हय म्हाराजा." माझ्या ओळीवर ते थबकले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग आवाज चढवून वाचलं.

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली, मुंबईकरांसकट. निम्म्यांचं लक्ष नारळाकडे होतं.

मागाहून पुष्कळ आरडाओरडा झाला, पण देवापुढे दिलेला होकार मागे कोण घेणार? मी मानकऱ्यांच्या पाया पडले.

"माजं डोळं गेलं, डोस्कं नाय," ते म्हणाले. "मुलगा गेल्यापासून सूनच घर चालवतेय. माज्यामागं तिला कोन इचारनार?"

पुढच्या सभेला मी आणि त्यांची सून सभासद म्हणून बसलो. पहिलाच ठराव आला: यापुढे गाऱ्हाण्याचा कागद आधी सभेत वाचून मंजूर करायचा. रोख माझ्यावर होता, पण म्हणणं रास्त होतं. उद्या त्याच कागदातून कुणी आम्हाला बाहेरही काढलं असतं. वाडीतलं माझं पहिलं मत मी माझीच वाट बंद करायला दिलं.