वाकवायचा खांब

आमच्या बाबांना कोणी ‘आता आराम करा’ म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. रायपूरच्या कारखान्यांत जन्मभर वेल्डिंग केलं, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मालकानं हातातला होल्डर काढून घेतला. तेव्हापासून तात्यापाऱ्यातल्या घरात बसून ते दाराच्या कड्यांवर राग काढत होते.

मी कॉलेजच्या लॅबमध्ये खांबांची ताकद तपासते. मला जास्त ताकदीच्या पोलादाचा, चार पातळ प्लेटा जोडून केलेला चौकोनी खांब हवा होता. दोन वर्कशॉपांनी वाकडे करून दिले. शेवटी बाबांनाच विचारलं. “मले जमन का आता?” एवढंच म्हणाले. मला ते फार लागलं.

कॉलेजच्या वर्कशॉपात त्यांनी प्लेटा आधी तापवल्या. मग वीतभर या बाजूला, वीतभर समोरच्या बाजूला, असं वेल्डिंग केलं. एकाच बाजूनं सलग गेलं की थंड होताना लोखंड आकसतं आणि खांब केळ्यासारखा होतो. पुस्तकात त्याला आम्ही आत उरलेला ताण म्हणतो. बाबा म्हणतात, “रुसवा हाय थो. दोन्हीकून सारखे लाड करा लागते.” दोन दिवस ते खांब सरळ आहे का, हे सूत लावून लावून बघत होते.

चाचणीला इस्त्रीचा शर्ट घालून आले. आणि मी गाढव, रोजच्या सवयीनं एक गोष्ट सांगायचीच विसरले: खांब वाकेपर्यंत दाबायचा असतो. भार चढत गेला, माझ्या हिशेबाचा आकडा ओलांडला, आणि खांब मधोमध वाकला.

“फेल हो गया, मॅडम,” मशीनवाले भैया सहज म्हणाले. आमच्यात फेल म्हणजे चाचणी पुरी झाली. वळून पाहते तर बाबा नव्हते.

बाहेर पायरीवर बसले होते. “डोयेच गेले माये,” म्हणाले. मी त्यांना उठवलं. हात धरून आत आणलं. “बाबा, तो वाकवाचाच होता. म्या काढला त्याच्यापेक्षा जास्त भार घेतला त्यानं.”

आकडा त्यांनी ऐकलाही नाही. चष्मा चढवला आणि वेल्डिंगवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. कुठेही तडा नव्हता.

“वाकवाचाच होता तं आधी सांगाचं ना, पोट्टे. सरळ ठेवता ठेवता जीव गेला माया.”

मी हसत होते आणि रडतही होते. बाबा चष्मा पुसत राहिले.

“अजून किती वाकवाचे हायेत?”

“पाच.”

“मंग उद्या लवकर निघू.”