बाण थांबला की अक्षर पडायचं

मुकुंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवनहळ्ळीच्या अलीकडे रस्त्याकडेला शहाळं पीत उभा होतो. त्याची मुलगी मैत्रेयी म्हणाली, "काका, बाबा गेले. सकाळी... श्वास थांबला." माझ्या तोंडून एकदम निघालं, "अगं, काल तर बोलला माझ्याशी!" बोलला, असंच आम्ही सगळे म्हणायचो. खरं तर मुकुंदचा आवाज जाऊन बराच काळ लोटला होता. तो बोलायचा ते पायाखालच्या माउसने.

आम्ही दोघं तरुणपणी महाराष्ट्रातून इकडे कन्नड मुलखात एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागलो, इथेच निवृत्त झालो आणि विद्यारण्यपुऱ्यात शेजारच्या गल्ल्यांत घरं बांधून राहिलो. मुकुंद हट्टी माणूस. घरच्या जुन्या कम्प्युटरवर त्याने कम्प्युटर चालवणारी लिनक्स ही प्रणाली घातली होती, कारण ती आतून उघडून हवं तसं बदलता येतं. "जी वस्तू मला उघडता येत नाही ती माझी कशी?" असं तो म्हणायचा, आणि मी चेष्टा केली की कन्नड वळणावर, जरा या अर्थी, "स्वल्प थांब, तुलाही पटेल," म्हणून विषय संपवायचा.

आजाराची सुरुवात उजव्या अंगठ्यापासून झाली. कुलपात किल्ली फिरेना. मग शर्टाची बटणं लागेनात. स्नायू एकेक करून निकामी होतात, बुद्धी मात्र शाबूत राहते, आणि यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी सोबत होतो. मुकुंदने एवढंच विचारलं, "शेवटी काय जातं?" डॉक्टर म्हणाले, "श्वास." घरी येऊन त्याने माउस डावीकडे घेतला आणि त्याच्या दोन्ही बटणांची कामं उलटसुलट करून टाकली. वर्ष सरता सरता डावा हातही गेला. जीभ जड झाली, शब्द लडबडायला लागले, मग नुसता घशातला आवाज उरला. उजवं पाऊल तेवढं हलायचं.

मैत्रेयी बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करते. तिने बिनवायरचा भारी माउस आणला. एके दुपारी तो पायाखालून निसटून कॉटखाली गेला. मुकुंदची बायको, सुनंदावहिनी, गच्चीत होत्या. त्या खाली येईपर्यंत मुकुंद पडद्याकडे बघत बसून होता, हाक मारायचीही सोय नव्हती. त्यानंतर जुना वायरचाच माउस परत आला. तो निसटला तर पायाच्या बोटांत वायर धरून पुन्हा ओढून घेता यायचा. चकचकीत फरशीवर त्याचा दिवा लागायचा पण पडद्यावरचा बाण हलायचा नाही, म्हणून वहिनींनी खाली कॅलेंडरचा पुठ्ठा पालथा घातला. बटण दाबण्याची ताकद पायात नव्हती. मग मी आणि मैत्रेयीने लिनक्समध्ये अशी सोय लावून दिली की पडद्यावर मराठी अक्षरं दिसायची आणि बाण ज्या अक्षरावर थांबेल ते आपोआप उमटायचं. पहिल्यांदा बाण थांबायच्या आत गारांसारखी अक्षरं पडायला लागली. थांबायची वेळ वाढवली तर पाय थकायचा. बऱ्याच खटपटीनंतर जमलं, आणि त्याने पहिला शब्द लिहिला, 'स्वल्प'. वहिनी हसल्या आणि तशाच आत निघून गेल्या.

पावसाळा संपता संपता श्वास अपुरा पडायला लागला. घशाला भोक पाडून नळी घालायची आणि यंत्राने श्वास द्यायचा, एवढाच मार्ग होता. डॉक्टर घरी येऊन समजावून गेले. मुकुंदने लिहिलं, 'नको'.

मैत्रेयी म्हणाली, "बाबा, हे चुकून झालंय. बाण नुसता थांबला तरी अक्षर पडतं. दोनच तर अक्षरं आहेत."

ती पुन्हा म्हणाली, "आई, तू सांग ना. चुकूनच झालंय ना?"

वहिनी मुकुंदकडे बघत होत्या. "त्यांना परत लिहू दे," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याने परत लिहायला घेतलं. पाऊल थरथरत होतं. अक्षर चुकायचं, पुसायचं, बाण परत मागे न्यायचा... माउस सारखा निसटत होता आणि आता वायर ओढण्याइतकंही बळ बोटांत राहिलं नव्हतं. मी उठणार तेवढ्यात मैत्रेयी त्याच्या पायाशी फरशीवर जाऊन बसली. माउस निसटला की ती तो उचलायची, पुठ्ठ्यावर ठेवायची आणि वडिलांचं पाऊल धरून त्यावर टेकवायची. प्रत्येक अक्षरागणिक तिला कळत होतं की काय उमटतंय. तरी ती तिथून हलली नाही. दुपारची उन्हं भिंतीवरून उतरली तेव्हा पडद्यावर होतं, 'चुकून नाही. नळी नको. मैत्रू रडू नकोस'. तिने ते वाचलं आणि वडिलांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडली. त्याला तिच्या डोक्यावर हात ठेवता येत नव्हता.

पुढे काही आठवडेच. मी शेवटचा गेलो तेव्हा त्याने खूप वेळ घेऊन एक शब्द लिहिला. मी काहीतरी मोठं ऐकायच्या तयारीत वाकलो होतो. शब्द होता 'पंखा'. मी पंखा वाढवला. तेच आमचं शेवटचं बोलणं.

परवा वहिनींना भेटायला गेलो. बोलता बोलता मैत्रेयीचा फोन आला. "जेवलीस का गं?" वहिनींनी विचारलं आणि फोन कानाशी धरून गप्प बसल्या, नजर समोरच्या भिंतीवर. पलीकडून मैत्रेयीचं "हो, जेवले," मला इथे ऐकू आलं. वहिनी तशाच थांबलेल्या. "आई? ऐकू येतंय ना? जेवले म्हटलं..."

"हो हो," वहिनी दचकून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काय करू भावजी, काहीही विचारलं की थांबायची सवय लागलीय. लोक लगेच उत्तर देतात, ते ध्यानातच येत नाही."

मग त्यांनी मला विचारलं, "चहा टाकू?" आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मीही पटकन हो म्हणालो नाही.