चार की आठ

आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर फलाटांचे आकडे मराठीत रंगवलेले आहेत. परवा केरळहून नव्याने आलेली एक नर्स ‘४’ला इंग्रजी 8 समजून त्याखाली उभी राहून आठव्या फलाटाची गाडी कधी येणार, असं विचारत होती. माझ्या समोरच्या बाकावर बसलेल्या आजींनी तिला हाक मारली, "पोरी, ह्यो आठ न्हाई, चार हाय. बस हितं, तुझ्या गाडीला वेळ हाय." आजी प्रौढांच्या वर्गात शिकलेल्या. त्यांनी बाकावरच्या धुळीत बोटाने शून्यापासून नवापर्यंत सगळे आकडे काढून दाखवले.

नर्सने ते वहीत उतरवून घेतले. मग आजींनी पिशवीतून फोन आणि लेकीच्या नंबराची चिठ्ठी काढली. चिठ्ठीत आकडे मराठी, फोनवर इंग्रजी. "दर बारीला कुणाला तरी लावून मागती," त्या म्हणाल्या. नर्सने धुळीतल्या प्रत्येक आकड्याखाली त्याचा इंग्रजी जोडीदार काढला.

मला दोन्ही आकडे लहानपणापासून येतात, म्हणून ‘चार’ हा आकडा दोन तऱ्हांनी लिहिता येतो याचं कधी नवल वाटलं नाही. त्या दोघींच्या चेहऱ्यावर ते नवल होतं. वाटलं, एक तऱ्हा येणाऱ्याला दुसरी फार लांब नसते. कुणीतरी शेजारी बसावं लागतं, एवढंच.

धुळीतल्या जोड्या बघत नंबर दाबताना आजी दोनदा चुकल्या. तिसऱ्यांदा रिंग वाजली. "आई, कुणी लावून दिला गं?" लेकीचा आवाज मलाही ऐकू आला.

"कुणी न्हाई," आजी म्हणाल्या. "माझी मीच लावला."